चारचा चहा

मनाच्या आजाराला औषध लागतं, हे आता बऱ्याच घरांना पटलं आहे. पण औषधाने सावरलेला माणूस ज्या घरात परत येतो, त्या घराचं काय? एका बहिणीचा हा अनुभव.

आमच्या घरी दुपारी चार वाजता आल्याचा वास सुटतो. आधी खलबत्त्याचे चार ठोके ऐकू येतात, मग लायटरचा आवाज, आणि मग थोडा वेळ काहीच नाही. दादा चहा करत असतो. माझ्या यजमानांना मधुमेह आहे, म्हणून त्यांचा कप आधी बिनसाखरेचा गाळायचा आणि मग उरलेल्यात साखर घालायची, हे तो कधीही विसरत नाही. चहा झाला की दारात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "झालाय." एवढंच.

यात लिहिण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. साठी उलटलेला एक माणूस दुपारचा चहा करतो, त्याचं एवढं काय कौतुक? पण ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया झालेलं माणूस आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. या चहापर्यंत पोचायला आमच्या घराला तेवीस वर्षं लागली.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. आमचं घर सांगलीचं. वडील शाळेत शिक्षक, आई घर सांभाळणारी, मी आणि धाकटा भाऊ. दादाचं अक्षर इतकं सुरेख की गल्लीतल्या लग्नपत्रिकांवर नावं घालायला लोक त्यालाच बोलवायचे. बी. कॉम. झाला, बँकेत लागला. आणि १९८८ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो एक दिवस दुपारीच घरी आला आणि त्याने खिडक्या लावून घेतल्या. काउंटरपलीकडची माणसं त्याच्याविषयीच बोलतात, असं त्याचं म्हणणं होतं. मग रेडिओवरच्या बातम्यांत त्याला स्वतःचं नाव ऐकू येऊ लागलं. मग रेडिओ बंद असतानाही.

त्या काळी जे सगळे करत, तेच आम्ही केलं. आधी कुणाची तरी नजर लागली असेल म्हणून मीठ-मिरच्या उतरवल्या. मग आई-वडील त्याला घेऊन नरसोबाच्या वाडीला जाऊन राहिले. पुजाऱ्यांच्या घरी उतरले होते. पहाटे नदीवर आंघोळ, प्रदक्षिणा, दुपारी प्रसाद, संध्याकाळी आरती... पंधरा दिवस दादा खरोखरच बराच शांत होता. घरी आल्यावर आठवड्याभरात पुन्हा तेच. या पंधरा दिवसांचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी लागला. त्याविषयी पुढे सांगेन.

अखेर एका डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. 'स्किझोफ्रेनिया.' मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, पण तो शब्द आम्ही घरात कधी उच्चारला नाही. फार तुटल्यासारखा वाटायचा. साधारण शंभरात एखाद्या माणसाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो आणि तो बहुधा ऐन तारुण्यात गाठतो, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. दादाला दवाखान्यात ठेवलं, शॉक दिले, गोळ्या सुरू झाल्या. सहा आठवड्यांनी तो घरी आला तेव्हा आवाज थांबले होते. आईने त्याला ओवाळलं. चार महिन्यांत तो पुन्हा दवाखान्यात होता.

असं किती वेळा झालं याची मोजदाद आम्ही पुढे सोडून दिली. दवाखान्यात सुधारायचा, घरी आला की बिघडायचा. गोळ्या बंद केल्यामुळे होतं, असं आम्ही म्हणायचो, आणि ते पुष्कळदा खरंही असायचं. पण आईने गोळ्या आपल्या हाताने दिल्या तेव्हाही तो बिघडलाच होता.

आमच्या घरात दोन आवाज होते. एक वडिलांचा. "ऊठ. आंघोळ कर. नुसता पडून काय राहतोस? तुझ्या बरोबरीची मुलं बघ कुठे पोचली!" वडील दुष्ट नव्हते. वर्गातल्या पोरांना जसं रागावून वळण लावलं, तसंच मुलालाही लागेल अशी त्यांची खात्री होती. दुसरा आवाज आईचा. ती दादाला भरवायची. रात्री तीन-तीनदा उठून त्याचा श्वास बघायची. पाहुण्यांनी "काय रे, कसा आहेस?" विचारलं की दादाच्या आधी तीच बोलायची, "बरा आहे तो." पंचवीस-तीस वर्षांचा माणूस स्वतःच्या तब्येतीविषयी एक वाक्य बोलू शकत नव्हता, कारण ते वाक्य आईने आधीच बोलून टाकलेलं असायचं. वडील बाहेरून ढकलत होते, आई आतून कवटाळत होती. दोघांचाही जीव त्याच्यावर होता. पण त्या दोघांच्या मध्ये दादाला श्वास घ्यायला जागा नव्हती.

१९९१ साली मी लग्न होऊन पुण्याला आले. १९९९ मध्ये वडील गेले. पुढची दहा वर्षं आईने एकटीने काढली, आणि २००९ च्या दिवाळीनंतर तीही गेली. तेराव्याच्या दिवशी जेवणं उरकल्यावर सगळे नातेवाईक ओसरीत बसले आणि ज्या प्रश्नाने आईची झोप वीस वर्षं उडवली होती तो प्रश्न मामांनी मोठ्याने विचारला, "आता याचं काय करायचं?" दादा तिथेच, खांबाला टेकून बसला होता.

पुण्यापासून तासाभरावर एक निवासी संस्था होती. महिन्याचे पैसे भरायचे, बाकी सगळं ते बघत. मी आणि माझे यजमान बघून आलो. जागा स्वच्छ होती, हे सांगायला हवं. ओळीने खाटा, सगळ्यांना एकसारखे कपडे. कुणी ओरडत नव्हतं, कुणी काही करतही नव्हतं. भिंतीवर घड्याळ नव्हतं. आम्ही असताना एक मुलगा बादलीतून चहा घेऊन आला आणि सगळे आपापला स्टीलचा पेला घेऊन रांगेत उभे राहिले. "चहा आला म्हणजे चार वाजले," एक गृहस्थ मला अगदी सभ्यपणे म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "बाहेर पाऊस आहे का हो?" नोव्हेंबर संपत आला होता.

परतताना गाडीत आम्ही दोघं बोललो नाही. घराच्या वळणावर यजमान म्हणाले, "दादांना आपल्याकडेच आणू." मी हे लिहिते आहे ते त्यांचा मोठेपणा सांगण्यासाठी नव्हे. कारण पुढचं वर्ष इतकं वाईट गेलं की त्या वाक्याचा आम्हा दोघांनाही कितीदा तरी पश्चात्ताप झाला.

मुलगा दहावीला होता. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच घर. मी काड्यापेट्या लपवल्या, सुऱ्या लपवल्या, बाहेरच्या दाराला आतून कुलूप घातलं. दादा जिन्याच्या वळणावर उभा राहून स्वतःशीच पुटपुटायचा. वरच्या मजल्यावरच्या मुली घाबरायच्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी "जरा बघा, बरं दिसत नाही" असं दोनदा सुचवलं. मला कळतही नव्हतं, पण मी आईसारखी कवटाळत होते आणि दमले की वडिलांसारखी ओरडत होते. २०१० च्या पावसाळ्यात एके सकाळी त्याने नळ उघडा ठेवला आणि सगळ्या मजल्यांचं पाणी वाहून गेलं. मी त्याला त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिणार नाही. त्याने मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवसापासून गोळ्या गादीखाली सारायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत तो पुन्हा दवाखान्यात.

त्या दवाखान्यातल्या समाजसेविका बाईंनी मला शुभार्थींच्या नातेवाइकांच्या सभेला जायला सांगितलं. शुभार्थी म्हणजे आजारी माणूस आणि त्याची काळजी घेणारा तो शुभंकर, असे शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकले. पुण्यात असं काम करणाऱ्या लोकांत डॉ. जगन्नाथ वाणी यांचं नाव आधी घ्यायला हवं. मूळचे खानदेशातले, कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीच्या आजारपणात घराची होणारी ओढाताण त्यांनी स्वतः सोसली होती. १९९७ साली त्यांनी पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' सुरू केली. २००४ साली आलेल्या 'देवराई' या सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटामागेही तेच उभे होते. आजारी भावाला आपल्या संसारात घेऊन येणाऱ्या बहिणीची ती गोष्ट मी आईबरोबर पाहिली होती आणि चित्रपट संपल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता घरी आलो होतो.

सभेत बाईंनी एक गोष्ट सांगितली. जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात लंडनच्या रुग्णालयांतून सुटून गेलेल्या रुग्णांचा माग काढला. अपेक्षा अशी की जे आपल्या माणसांत परत गेले ते बरे राहतील. दिसलं उलटंच. आई-वडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांपेक्षा, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहिलेली माणसं जास्त टिकली! मग त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घराघरांत जाऊन नातेवाइकांच्या मुलाखती घेतल्या. ते काय बोलतात यापेक्षा कसं बोलतात ते ऐकलं. ज्या घरांत टीका फार, चीड फार, किंवा जीव टाकणं फार, त्या घरांतली माणसं लवकर पुन्हा आजारी पडत. त्यातही आठवड्याला पस्तीस तासांहून जास्त वेळ समोरासमोर जात असेल तर आणखीच.

मला राग आला. इतकी वर्षं आमच्या आईने हाडाची काडं केली, आणि आता तिच्यामुळेच मुलगा आजारी पडला म्हणता? मी उठून तसं बोललेही. बाई शांतपणे म्हणाल्या, "चुलीच्या धुराने दमा झाला असं मी म्हणत नाही. पण दमा असलेल्या माणसाच्या खोलीत धूर असेल तर त्याला त्रास होणारच ना? चूल पेटवणाऱ्या बाईचा दोष नाही. तिला कुणी खिडकी उघडायला सांगितलंच नाही."

त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले. पण रडून झाल्यावर हलकं वाटलं. दोष आणि उपाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं होतं.

मग आम्ही शिकलो. आवाज खाली आणायला शिकलो. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. "ऊठ, आंघोळ कर, कपडे बदल, नाश्ता गार होतोय" अशी माळ लावायची नाही. त्याला ऐकू येणाऱ्या आवाजांवर वाद घालायचा नाही, आणि खोटं खोटं 'हो' म्हणायचंही नाही. "मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय" एवढंच म्हणायचं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, तो पडून राहतो तो आळस नव्हे. आवाज येणं, संशय येणं ही आजाराची एक बाजू. इच्छा मरून जाणं, उठायचं बळ न उरणं ही त्याच आजाराची दुसरी बाजू, आणि गोळ्यांचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. घरच्यांची बोलणी मात्र बहुतेक या दुसऱ्या बाजूवरूनच होतात. भ्रम झालेल्या माणसावर कुणी रागावत नाही. न आंघोळ केलेल्यावर सगळे रागावतात.

कुटुंबाला आजार नीट समजावून दिला आणि बोलण्याची रीत शिकवली, तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं, हे त्यानंतर अनेक देशांत दिसून आलं आहे. आपल्याकडे तर याची सुरुवात फार आधी झाली होती. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात जागा अपुरी पडत होती, तेव्हा तिथले अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही राहायला बोलावलं. नातेवाईक तिथे राहिले, उपचार डोळ्यांनी पाहिले, आणि आपलं माणूस घेऊन गावी परतले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही त्याच दशकाच्या अखेरीस घरच्यांना सोबत ठेवण्याची पद्धत सुरू केली. १९८० च्या दशकात चंडीगडच्या आसपासच्या घरांचा अभ्यास झाला तेव्हा लंडनच्या मानाने तिथल्या घरांत टीकेचे, चिडीचे बोल बरेच कमी आढळले. पण ती घरं होती माणसांनी भरलेली. एक रागावला तर दुसऱ्याकडे जाऊन बसायला ओसरी होती, काही ना काही हाताला लागायला शेत होतं. आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती ओसरी आणायची कुठून?

ती ओसरी आम्हाला हळूहळू सापडत गेली. तिची सुरुवात चहाने झाली.

२०११ च्या जूनमध्ये मी जिन्यात घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. दुपारी घरात मी आणि दादाच. चारच्या सुमाराला तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चहा करू?" माझ्या तोंडात 'नको' आलं होतं. गॅस, उकळतं पाणी, सांडणं... सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण हात गळ्यात बांधलेला होता आणि चहा हवाही होता. मी स्टुलावर बसले आणि म्हटलं, "कर." चहा इतका गोड झाला होता की पिववेना. संध्याकाळी यजमानांसाठी त्याने पुन्हा केला. तोवर मधुमेह निघाला नव्हता त्यांना. त्यांनी कप संपवला आणि म्हणाले, "दादा, उद्या साखर एक चमचा कमी घाला." छान झालाय म्हणाले नाहीत, राहू दे म्हणाले नाहीत. एका माणसाने दुसऱ्याला सांगावं तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी साखर एक चमचा कमी होती.

त्यापूर्वी आम्ही त्याला कामं दिली नव्हती असं नाही. घडलेल्या घड्या उलगडून पुन्हा घालायला द्यायच्या, निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला द्यायचे. ती कामं नव्हती, त्याला गुंतवून ठेवायचे ते बहाणे होते, आणि त्याला ते कळत होतं. चहाची गोष्ट वेगळी होती. त्याने चहा केला नाही तर आम्हाला चहा मिळत नव्हता. या घराला आपली गरज आहे, हे त्याला तेवीस वर्षांत पहिल्यांदा खरं वाटलं असावं.

मला वाडीचे ते पंधरा दिवस तेव्हा आठवले. तिथे त्याला कुणी "ऊठ, काहीतरी कर" म्हणत नव्हतं, आणि कुणी सारखं तोंडाकडे बघतही नव्हतं. दिवसाला ठरलेला क्रम होता आणि त्या क्रमात इतर सगळ्यांइतकीच त्याचीही जागा होती. पुढे मी बेल्जियममधल्या गील या गावाविषयी वाचलं तेव्हा तर चकितच झाले. तिथे डिम्फना नावाच्या संत स्त्रीचं देऊळ म्हणावं असं चर्च आहे. तेराव्या शतकापासून लोक आपल्या वेड लागलेल्या नातलगांना तिथे घेऊन येत. चर्चजवळची जागा पुरेना म्हणून गावकऱ्यांनी त्यांना घरात ठेवून घ्यायला सुरुवात केली, अगदी आपल्या वाडीला किंवा गाणगापूरला लोक पुजाऱ्यांकडे उतरतात तसं. फरक इतकाच की गीलला आलेली पुष्कळ माणसं परत गेलीच नाहीत. त्या घरांतच राहिली, शेतात राबली, पोरं खेळवली, तिथेच म्हातारी झाली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्या एका गावात असे सुमारे ३,८०० पाहुणे होते. आता ही संख्या शे-दोनशेवर आली आहे, पण प्रथा चालू आहे. त्यांना कुणी रुग्ण म्हणत नाही. सांभाळणाऱ्या कुटुंबाला आजाराचं नावही सांगत नाहीत, त्या माणसाच्या सवयी तेवढ्या सांगतात. मात्र हेही लक्षात ठेवायला हवं की गावात रुग्णालय आहे, परिचारिका घरोघर येऊन विचारपूस करतात आणि कुटुंबाला त्याचे पैसे मिळतात. निव्वळ मायेवर सातशे वर्षं काही चालत नाही.

त्याच वर्षीच्या कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत असताना मी उठून उभी राहिले. छाती धडधडत होती. म्हटलं, "माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. तो पुटपुटतो ते त्याला ऐकू येणाऱ्या आवाजांशी. तुमच्याशी नाही. तो कुणाला त्रास देणार नाही. काही वाटलं तर मला सांगा, पण त्याला टाळू नका." गच्चीवर शांतता पसरली. मग पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "आमच्या धाकट्या जावेला होतं हे. आम्ही तिला माडीवर कोंडून ठेवत होतो. चाळीस वर्षं झाली. कुणाला बोलले नव्हते." त्यानंतर आणखी दोघं बोलले. एकाने नाव घेतलं की बाकीच्यांना आपल्या घरातलं आठवतं, हे मी त्या रात्री पाहिलं.

दादाची ओसरी तिथून वाढली. निवृत्त झालेले एक सर त्याला सकाळी फिरायला नेऊ लागले. दोघं तासभर चालतात आणि एक अक्षर बोलत नाहीत. कोपऱ्यावरच्या वाण्याचा फोन येतो, "ताई, दादा इथे पोत्यावर बसलेत. घाई नको, मी आहे." आणि ज्या सेक्रेटरींनी "बरं दिसत नाही" म्हटलं होतं, तेच एकदा कोरा कागद घेऊन दारात आले. त्यांनी कुठेतरी दादाचं अक्षर पाहिलं होतं. तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या फळ्यावर 'उद्या सकाळी पाणी येणार नाही' हे जे काही लिहिलेलं असतं, ते पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीपेक्षा सुंदर अक्षरात असतं.

दादा बरा झाला का? हा प्रश्न मला नेहमी विचारतात. गोळ्या चालू आहेत आणि चालूच राहतील. त्यांच्यासाठी ठरल्या वेळी रक्त तपासून घ्यावं लागतं. दोनदा पुन्हा दवाखान्यात जावं लागलं, पण दोन्ही वेळा तो आपल्या पायांनी गेला. "मला बरं वाटत नाहीये, डॉक्टरांकडे जाऊ," हे त्याने स्वतः सांगितलं. मी एकदा विचारलं, "आवाज येतात का रे अजून?" म्हणाला, "येतात. चहा करताना तिकडे लक्ष नसतं."

ही गोष्ट वाचून कुणी असं म्हणू नये की बघा, एका बहिणीने केलं, मग सगळ्यांनी करावं. नात्याने माणूस सावरतो, हे खरं. पण 'नातं' म्हणजे घरातली एक बाई, असा त्याचा सोयीस्कर अर्थ आपण लावतो. माझ्या आईला वीस वर्षांत एक दुपार सुट्टी मिळाली नाही. सभेतल्या बाईंनी मला पहिला नियम हाच घालून दिला होता की आठवड्यातली एक दुपार स्वतःची. गुरुवारी मी घरात नसते. कुठे जाते ते कुणी विचारायचं नाही. नाशिकचा धाकटा भाऊ आधी नुसते पैसे पाठवायचा. आता वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस दादाला नेतो. पहिल्यांदा नेलं तेव्हा चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, "ताई, तू हे रोज कसं करतेस?" वीस वर्षांत त्याने हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. ज्यांना असा भाऊ नाही, सभा नाही, त्यांना निदान १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा क्रमांक तरी ठाऊक असावा. २०२२ पासून तो चालू आहे.

आणि सगळ्यांत मोठा प्रश्न अजून तसाच आहे. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी कप विसळता विसळता दादानेच तो विचारला, "तू गेल्यावर मी कुठे?" मामांनी तेराव्याला विचारला होता तोच प्रश्न. पण या वेळी ज्याचा होता त्याने विचारला.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलं आहे की अशा माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे. केवळ घर नाही किंवा घरच्यांनी नाकारलं म्हणून त्याला रुग्णालयात ठेवता येणार नाही. कागदावर छान आहे. पण रुग्णालय नाही आणि घरही नाही, तर मग कुठे? चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेने यावर एक वाट काढली आहे. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुण मैत्रिणींनी १९९३ साली ही संस्था काढली. वर्षानुवर्षं रुग्णालयात अडकलेल्या स्त्रियांसाठी २०१५ पासून त्यांनी साध्या वस्तीत साधी घरं भाड्याने घ्यायला सुरुवात केली. चार-पाच जणींनी मिळून राहायचं, बाजारहाट करायचा, स्वयंपाक करायचा, भांडायचं, सण करायचे. मदतीला एक-दोन कार्यकर्त्या. रक्ताचं नातं नसलेल्या बायका हळूहळू एकमेकींचं घर होतात.

आमच्या सभेतली चार कुटुंबं गेलं वर्षभर यावरच बोलत आहेत. चार शुभार्थी, एक भाड्याचा फ्लॅट, एक मदतनीस, आणि आठवड्यातून पाळीपाळीने जाणारे आम्ही. आम्ही धडधाकट आहोत तोवरच सुरू करावं, म्हणजे नंतर एका रात्रीत त्यांना उपटून न्यावं लागणार नाही. पैशांचा हिशेब अजून बसत नाही. दोन घरमालकांनी कोण राहणार ते कळल्यावर नकार दिला. तिसऱ्यांनी "विचार करतो" म्हटलं आहे. माझ्या मनाला विचाराल तर मला दादाला सोडवत नाही. मग कधी कधी वाटतं, ही आईचीच कवटाळणी तर नव्हे?

गेल्या रविवारी ती तिसरी जागा बघायला दादालाही नेलं होतं. तळमजला, पुढे थोडं अंगण, कोपऱ्यावर वाण्याचं दुकान. आम्ही बाकीचे डिपॉझिटचं बोलत होतो. दादा सरळ स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी बघायला गेले, तर तो ओट्यापुढे उभा होता, दोन्ही तळवे ओट्यावर टेकवून.

"कशी वाटते जागा?" मी विचारलं.

तो म्हणाला, "ओटा जरा उंच आहे. बाकी चालेल."